एका गल्लीत दोन काळ

1974 च्या थंडीत तुम्ही न्यूयॉर्कच्या ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर वळता आणि पोहोचता थेट पहिल्या महायुद्धाच्या काळात. दुकानांवर इटालियन पाट्या, हातगाड्या, घोडागाड्या. हा सगळा थाट कलादिग्दर्शक डीन टाव्हूलारिस यांनी उभारलाय. फ्रान्सिस फोर्ड कोपोला इथे ‘द गॉडफादर पार्ट टू’चं शूटिंग करतायत.

खाली देवाची मिरवणूक चाललीय. पांढऱ्या सुटातला, हप्ते गोळा करणारा फानुच्ची गर्दीतून ऐटीत निघालाय. आता वर बघा. गच्च्यांवरून त्याच्या बरोबरीने चाललाय पुढे माफिया डॉन होणारा तरुण व्हिटो, म्हणजे रॉबर्ट डी नीरो. त्याच्या मागोमाग तुम्हीही जिन्यात शिरा. पिस्तुलाला टॉवेल गुंडाळलाय. तो बल्ब सैल करतो आणि अंधारात दबा धरून बसतो. फानुच्ची येतो, बल्बला टिचकी मारतो. गोळी सुटते, टॉवेल पेट घेतो. थोड्या वेळाने हाच व्हिटो घराच्या पायऱ्यांवर बसून आपल्या तान्ह्या मुलाला, मायकेलला मांडीवर घेतो आणि सिसिलियन बोलीत सांगतो, बापाचा तुझ्यावर फार जीव आहे.

डिसेंबर उजाडतो. तुम्ही थिएटरात तीन तास वीस मिनिटं बसायच्या तयारीने आलाय. पडद्यावर 1958 साल, लेक टाहो, आणि तोच मायकेल, म्हणजे अल पचिनो. दोन्ही काळ आलटून पालटून येतात. प्रदर्शनाआधीच्या खेळात या उड्या इतक्या होत्या की प्रेक्षक गोंधळले; कोपोलांनी त्या कमी केल्या, प्रसंग लांबवले. म्हणूनच आता हिशेब नीट लागतो. बापाने कुटुंबासाठी म्हणून उचललेलं कर्ज लेक व्याजासकट फेडतोय. बायको दुरावते, सख्खा भाऊ फ्रेडो त्याच्याच हुकमाने मारला जातो. पुढे काय झालं, एवढंच सांगून हा सिक्वेल थांबत नाही. पहिल्या चित्रपटात आपल्याला भारदस्त वाटलेला व्हिटो तो पुन्हा तपासायला लावतो.

8 एप्रिल 1975, लॉस एंजेलिस. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर पहिल्यांदाच एका सिक्वेलला मिळतं. एकूण सहा पुरस्कार. मार्लन ब्रँडोला जी भूमिका ऑस्कर देऊन गेली, त्याच व्हिटोसाठी आता डी नीरोला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर. संगीताचं ऑस्कर नीनो रोटांच्या जोडीने मिळतं कार्माइन कोपोलांना, म्हणजे दिग्दर्शकाच्या वडिलांना. बापाच्या वारशाने लेक कसा बुडाला हे सांगणाऱ्या चित्रपटाने खऱ्या आयुष्यातल्या एका बापाचं मात्र भलं केलं.