आयपी ॲड्रेस सापडला म्हणजे माणूस सापडला का?

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) : खोट्या नावाच्या खात्यावरून कुणाची बदनामी झाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आयपी ॲड्रेस काढा, लगेच कळेल कोण आहे ते." पण आयपी ॲड्रेस माणसाचा नसतो, इंटरनेटच्या जोडणीचा असतो. एका घरात एक वायफाय आणि पाच मोबाईल असतील, तर बाहेरच्या जगाला साधारण एकच पत्ता दिसतो. दुकानाचं वायफाय दहा गिऱ्हाइकांनी वापरलं तरी तसंच.

मोबाईल डेटाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे एका वेळी अनेक ग्राहक बसवतात. वाड्याचा दरवाजा एक आणि आत खोल्या अनेक, तसं. खोली ओळखायला पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ लागते. नव्या पद्धतीत पत्ते भरपूर आहेत, पण तेही बदलत राहतात. शिवाय आयपीवरून दिसणारं ठिकाण ढोबळ असतं. मैंदर्गीत बसून वापरलेला फोन मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकतो.

वेळेतही घोळ होतो. सर्व्हरच्या नोंदी बऱ्याचदा जागतिक वेळेत असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. रात्री १० ची पोस्ट तिथं दुपारी ४.३० ची दिसते.

चूक झाली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं २००७ मध्ये पाहिलंय. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला. आयपी ॲड्रेसवरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीनं दिलेली ग्राहकाची माहितीच चुकीची होती. निर्दोष माणूस सुमारे ५० दिवस येरवडा कारागृहात राहिला.

मग एकाच माणसाची दोन खाती कशी ओळखतात? कंपन्या नुसत्या आयपीवर थांबत नाहीत. फोन तोच आहे का, नोंदवलेला नंबर किंवा ईमेल जुळतो का, दोन्ही खाती कोणत्या वेळी चालू असतात, लिहिण्याची ढब सारखी आहे का, असं बरंच पाहिलं जातं. विकिपीडियावर अशी तपासणी करण्याचा अधिकार मोजक्याच विश्वासू सदस्यांना असतो आणि आयपी जुळणं हा तिथं फक्त एक धागा मानतात. नवरा-बायको एकाच वायफायवर असले तर दोघांचा पत्ता जुळणारच की!

कुणी '१९२.१६८' ने सुरू होणारा पत्ता स्क्रीनशॉटमध्ये पुरावा म्हणून दाखवला, तर तो बाजूला ठेवा. असे पत्ते घरोघरीच्या राउटरमध्ये असतात. पैसे घेऊन "आयपी काढून देतो" म्हणणाऱ्यांच्याही नादी लागू नका. अमुक वेळी अमुक पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, ही नोंद इंटरनेट कंपनीकडे असते. ती पोलिसांना मागता येते, तुम्हा-आम्हाला नाही.

आपल्या नावानं बनावट खातं निघालं, तर आधी त्या खात्याची लिंक जपून ठेवा. नाव आणि फोटो केव्हाही बदलता येतात. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्या. मग ॲपमध्येच तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार, तोतयेगिरीची तक्रार संबंधित व्यक्तीनं केली तर कंपनीनं ठरावीक मुदतीत कारवाई करायची असते. तोतयेगिरी करून फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. तक्रारीला महिनोन् महिने लावू नका, कारण नोंदी कायम ठेवल्या जात नाहीत.