शालेय ग्रंथपाल आणि साधनचिकित्सा

ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा व पुस्तक हरवल्यास दंड घेणारा इसम, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि अद्याप आढळते. या समजुतीस इतिहासाचा थोडाबहुत आधार आहे. परंतु ज्या परिस्थितींत ती खपून गेली, ती परिस्थिति आज उरलेली नाहीं, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

ग्रंथपालांस पद्धतशीर शिक्षण देणारी अमेरिकेंतील पहिली शाळा मेल्विल ड्यूई यांनीं १८८७ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांत उघडली. पहिल्या वर्गांतील २० विद्यार्थ्यांपैकीं १७ स्त्रिया होत्या! वर्गीकरण, सूचिलेखन, इतकेंच नव्हे तर सूचिपत्रावर काढावयाचें सुवाच्य अक्षर, हे तेथील विषय. पुढें १९०० सालीं प्रॅट इन्स्टिट्यूटमध्यें शिकलेल्या मेरी किंग्सबरी यांची ब्रुकलिनच्या इरॅस्मस हॉल हायस्कुलांत नेमणूक झाली, आणि शालेय ग्रंथपालाचा पेशा उदयास आला. हाच ओघ आपल्याकडेहि पोंचला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डेन यांस अमेरिकेंतून बडोद्यास आणलें, व दुसऱ्याच वर्षीं तेथें ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू झाला.

या सर्व शिक्षणाचा रोख मुख्यतः मांडणीवर होता, आणि त्या काळीं तें योग्यच होतें. छापील ग्रंथ कपाटांत येण्यापूर्वीं संपादक, प्रकाशक व निवड करणारा ग्रंथपाल अशा अनेक चाळण्यांतून जात असे. छापलेलें सर्व खरें असे असें नव्हे. पण चाळणी वाचकाच्या आधीं लागलेली असे, एवढें खरें.

इंटरनेटनें हा क्रम उलटा केला. १९९८ सालीं झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसाची सचित्र माहिती देणारें एक संकेतस्थळ कोणीं गमतीनें रचलें. कनेक्टिकट विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं तें शाळकरी मुलांपुढें ठेवलें, तेव्हां बहुतेकांस तें खरें वाटलें. मुलांस हंसण्याचें कारण नाहीं. २०१७ सालीं सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनीं १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यशोधक व स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांची परीक्षा पाहिली. विद्यार्थ्यांप्रमाणें कित्येक इतिहासकारहि भारदस्त नांवास व बोधचिन्हास भुलले. तथ्यशोधक मात्र त्या पानांत रमले नाहींत. तें सोडून ते लगेच बाहेर पडले आणि या संस्थेविषयीं इतर लोक काय म्हणतात हें त्यांनीं आधीं पाहिलें.

ही रीत आपणांस अगदींच परकी नाहीं. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून बखरीचा शब्द अस्सल पत्राशीं ताडून पाहावा, ही शिस्त मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. फरक इतकाच कीं, जें काम मूठभर संशोधक करीत, तें आज बारा वर्षांच्या मुलास रोज करावें लागतें.

त्यास तें शिकवावें कोणीं? अमेरिकेंतील शालेय ग्रंथपालांच्या संघानें २०१८ च्या आपल्या मानकांत सहा मूलतत्त्वें सांगितलीं. त्यांत पहिलें स्थान पृच्छेस आहे. परंतु मानकें छापून शिक्षक तयार होत नाहींत. ज्यानें स्वतः एखादा प्रश्न मनांत धरून साधनें धुंडाळलीं नाहींत, खोट्या साधनाचा माग काढला नाहीं, तो मुलांस नियमांची यादी तेवढी पाठ करवील. आणि यादीप्रमाणें नटणें लबाड संकेतस्थळांस सहज साधतें. म्हणून ग्रंथपालाच्या शिक्षणांत व्याख्यानापेक्षां प्रत्यक्ष शोधास अधिक वेळ मिळाला पाहिजे.

यांत एक धोका आहे, तोहि सांगितला पाहिजे. केवळ संशय शिकवला तर सगळेंच खोटें म्हणून हात झटकणारी पिढी निपजेल, आणि ती सर्व कांहीं खरें मानणाऱ्या पिढीइतकीच फसेल. कशावर विश्वास ठेवावा, आणि कां ठेवावा, हें सांगतां येणें हीच चिकित्सेची परिणति होय. तें शिकवणारा माणूस शाळेंत नसेल, तर कपाटें कितीहि भरलीं तरी आमच्या मतें तें ग्रंथालय रिकामेंच होय.