दिनविशेष : १९ मार्च १९७० – अलियाबेटची समुद्री तेलविहीर
१९ मार्च १९७० रोजी सुरतच्या उत्तरेस, नर्मदेच्या मुखाशी असलेल्या अलियाबेट या सखल बेटाजवळच्या उथळ पाण्यात तेल व नैसर्गिक वायू आयोगाने भारतातील पहिल्या समुद्री तेलविहिरीचे खोदकाम सुरू केले. त्यासाठी खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटीची जबर ओढ सोसेल असा, तळाशी रोवलेला स्थिर मंच उभारण्यात आला होता. व्यापारी उत्पादन हाती आले नाही. मात्र एवढ्यावरून हा प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण चार वर्षांच्या आत ‘सागर सम्राट’ या, समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या खोदनौकेने मुंबई हाय येथे तेल शोधले आणि पुढे वसई क्षेत्राचा वायू समुद्रतळावरील नळवाहिनीने सुरतजवळच्या हजिऱ्यास पोहोचून तेथे खत व पोलादाचे कारखाने उभे राहिले. खुद्द अलियाबेटाच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. खाडी पोहून तिवरांचा पाला खाणारे खाराई उंट पाळणाऱ्या तेथील जत कुटुंबांना मतदानासाठी रस्त्याने ८० किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागे. २०२२च्या विधानसभा निवडणुकीत बेटावर प्रथमच मतदान केंद्र उघडले, तेही मालवाहू कंटेनरात.