पेंवाचा गारवा आणि फूरियेचें गणित

बीड जिल्ह्याच्या काळ्या रानांत वैशाखाच्या दुपारीं अनवाणी पाय भाजतात. पण त्याच जमिनीच्या पोटांत, पेंवांत, ज्वारी ठेवण्याची मराठवाड्यांत जुनी रीत होती. वर आग, खालीं गारवा. या भेदाचें गणित जोसेफ फूरिये या फ्रेंच पंडितानें मांडलें. तो तेव्हां ग्रेनोबलचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील कलेक्टरच म्हणा, होता.

१८०७ सालीं त्यानें पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें निबंध ठेवला. युक्ति साधी: उष्णतामान हें दोन गुणकांचा गुणाकार मानावें, एकांत केवळ स्थळ, दुसऱ्यांत केवळ काळ. मग एका बिकट समीकरणाचीं दोन सोपीं होतात. अशीं अनेक उत्तरें योग्य प्रमाणांत मिळविलीं कीं प्रश्न सुटतो. मात्र कोणतीही वेडीवांकडी आरंभस्थिति ज्या-कोटिज्यांच्या बेरजेनें साधते, हें वृद्ध लाग्रांजला पटेना. १८१२ सालीं पारितोषिक मिळालें, तेंही सिद्धतेच्या काटेकोरपणाविषयीं शंका नोंदवून. ग्रंथ निघाला १८२२ सालीं. शंका पोकळ नव्हती. त्या बेरजेच्या अटी डिरिक्लेनें १८२९ सालीं सिद्ध केल्या.

तेंच गणित जमिनीला लावावें. दिवसाच्या उष्णतेची लाट जेथें वीतभर खोलीवर क्षीण होते, तेथें वर्षाची लाट तितकी क्षीण होण्यास सुमारें १९ विती लागतात. कारण ३६५ चें वर्गमूळ तेवढेंच. शिवाय ती उशिरानें पोंचते. पुण्यास १९३० नंतरच्या दशकांत एल. ए. रामदास यांनीं काळ्या मातीवर खडूची पूड पसरली, तेव्हां ती जमीन पुष्कळच थंड राहिली.