निफाडचा जज्ज

न्यायमूर्ती रानडे म्हटलं की आपण तोंड फिरवतो. हे बरं नव्हे. माणूस आपल्याच जिल्ह्यातला, 1842 त निफाडला जन्मलेला. पुण्यात सबजज्ज होते. सार्वजनिक सभेमुळं सरकारचा डोळा. म्हणून 1878 त नाशिकला बदली, फडक्यांच्या बंडात 1879 ला धुळ्याला. हायकोर्ट मिळालं 1893 त. ब्राह्मणालाही एवढे हेलपाटे!

काळाराम सत्याग्रहातले आपले लोक 1930 नंतर कोर्टापुढं गेले ते आरोपी म्हणून. तरी बाबासाहेबांनी 18 जानेवारी 1943 ला पुण्यात रानड्यांना थोर म्हटलं. हक्क नुसत्या कायद्यानं टिकत नाहीत, समाजाचं मन लागतं, हेही तिथंच बजावलं.

सबजज्जाच्या जागी आता दिवाणी न्यायाधीश. परीक्षा लोकसेवा आयोगाची, राखीव जागा आहेत. हायकोर्टात आजही नाहीत.