गोलकीपर किती रुंद असावा?

फुटबॉलच्या नियमांत 'गोलकीपर' आला १८७१ साली. आपला गोल वाचवण्यासाठी त्याला एकट्याला हात वापरायची मुभा मिळाली. पुढची शंभरएक वर्षं ही मुभा आवळण्यातच गेली. सुरुवातीला तो पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरही चेंडू हाताळू शकायचा. सुंदरलंडचा वेल्श कीपर ली रिचमंड रूझ चेंडू हाताने टप्पे देत थेट मध्यरेषेपर्यंत जायचा. शेवटी १९१२ मध्ये हात फक्त पेनल्टी क्षेत्रापुरते उरले, आणि तो बदल मुख्यतः रूझमुळेच झाला असं म्हणतात. १९९२ मध्ये सोबत्याने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घ्यायलाही बंदी आली.

आता एक गोष्ट बघा. हे सगळे नियम कीपरने काय करावं याबद्दल आहेत. त्याचे हात किती लांब असावेत, याबद्दल एक ओळही नाही. लागलीच नाही, कारण माणसाचं शरीर आयतं मिळतं.

रोबोंच्या बाबतीत मात्र गाडी इथूनच अडते. रोबोकपची पहिली स्पर्धा १९९७ मध्ये जपानच्या नागोयाला झाली. ध्येय असं की २०५० पर्यंत दोन पायांच्या स्वयंचलित रोबोंनी फिफाच्या नियमांनी खेळून विश्वविजेत्या संघाला हरवायचं. पण माणसासारख्या रोबोंचा गट सुरू व्हायला २००२ उजाडलं, फुकुओकात. तेव्हा धड चालणं हीच स्पर्धा होती. एका पायावर उभं राहणं, पेनल्टी किक, असे प्रकार असायचे. कुणाच्या रोबोला बाहेरून वीज, कुणाचा संगणक बाहेर, तर कुणी चक्क रिमोटवर. मग न्याय कसा करायचा? आयोजकांनी गुणक लावले. जितकी बाहेरची मदत, तितकी कामगिरीत कपात. मला हा तोडगा कधीच पटलेला नाही. मैदानावर जे दिसलं ते एक आणि गुणफलकावर भलतंच, असं होतं. २००५ मध्ये ओसाकाला दोन विरुद्ध दोन सामने सुरू झाले, आणि सामना म्हटल्यावर गोल हा गोलच मोजावा लागतो.

मग बंधन आलं थेट शरीरावर. चेंडू अडवणं एवढंच काम असेल, तर सर्वांत उत्तम कीपर म्हणजे गोलाएवढी रुंद फळी! ते टाळायला नियमांनी प्रमाणं ठरवली. दोन्ही हात आडवे पसरल्यावर लांबी उंचीच्या १.२ पटीपेक्षा जास्त नको. कुठल्याही स्थितीत शरीर उंचीच्या दीडपटीहून लांब नको. तळव्याच्या क्षेत्रफळालाही मर्यादा. डोळेही सुटले नाहीत. ओसाकाच्या 'व्हिजियन' रोबोच्या डोक्यावर चहूकडे बघणारा कॅमेरा होता. पुढे दृष्टिक्षेत्र १८० अंशांवर आलं.

हिशोब करून बघू. ६० सेंमी उंचीचा रोबो हात पसरून फार तर ७२ सेंमी झाकतो. गोल २.६ मीटर रुंद धरला तर हे जेमतेम पाव गोलाच्या वर. आडवा पडला तर ९० सेंमी. म्हणजे मधोमध उभं राहून एका बाजूला झेप घेतली, तरी खांबाजवळ ४० सेंमीच्या आसपास फट उरते. माणसांच्या फुटबॉलमधली गंमतही याच फटीत असते. हे प्रमाण मला गुणकापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं.

पण मग झेप म्हणजे काय आणि पडणं म्हणजे काय? पडलेल्या रोबोला २० सेकंदांत उठता आलं नाही तर त्याला बाहेर काढतात. कीपर मुद्दाम पडला की तोल जाऊन पडला, हे पंचाला कसं कळणार? प्रोग्राम वाचला तर कळेलही, पण सामना चालू असताना तो कोण वाचतंय! म्हणून हेतू सोडून पंच घड्याळाकडे बघतो.

दुसरी अडचण भौतिकशास्त्राची. उंची दुप्पट केली की वजन साधारण आठपट होतं, आणि पडायची उंचीही दुप्पट. म्हणजे आदळण्याची ऊर्जा सोळापट. सांध्यांचा छेद मात्र चौपटच वाढतो. त्यामुळे 'झेप घ्यायला परवानगी' हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असला, तरी छोटा रोबो झेप घेऊन उठतो आणि मोठ्याचा खुबा मोडतो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या 'निंब्रो' संघाने २०१०च्या सुमारास या कीपरवर सविस्तर काम केलं: पडणं सोसेल असं शरीर, झेपेची हालचाल, आणि मुख्य म्हणजे झेप घ्यायची की नाही हा निर्णय. यातलं शेवटचं मला सर्वांत अवघड वाटतं, कारण उगाच घेतलेली झेप म्हणजे पुढचे कित्येक सेकंद उघडा गोल.

सर्वांत उंच गटात मात्र वर्षानुवर्षं प्रत्येक रोबोमागे एक माणूस चालत असे, तोल गेलाच तर धरायला. अशा कीपरने झेप घ्यायची तरी कशी?