अण्णांचा प्रोग्रॅम

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. ती एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. शिक्षण बी.कॉम., कॉम्प्युटरशी संबंध एक्सेलपुरता. भलतीच खुशीत होती. गेटपासचं जुनं रजिस्टर तिनं मोबाइलवर आणलं होतं. कुठला माल बाहेर गेला, तो परत यायचाय की नाही, तारीख उलटली की साहेबांना आपोआप मेल. पॉवर ॲप्स नावाचं काहीतरी आहे, त्यात तीन शनिवार-रविवार बसून केलं म्हणाली.

"मामा, प्रोग्रॅमिंगचा गंध नाही मला, तरी झालं. चौकोन ओढून ठेवायचे, बाकी फॉर्म्युले एक्सेलसारखे. असं आधी कधी कुणाला जमलं नसेल, नाही?"

"जमलं होतं की. तुझ्या अण्णाआजोबांना."

"ते तर उसाची बिलं करायचे ना?"

करायचे. पण कशी करायचे ते तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. म्हणून हे लिहितोय. आमच्याकडची मंडळी हा ब्लॉग वाचतात (आणि फोनवर चुका काढतात), तेव्हा काही राहिलं तर सांगाच.

आधी थोडा इतिहास. 'लो-कोड' हा शब्द फॉरेस्टर या अमेरिकन संस्थेनं २०१४ साली रूढ केला. पण हौस फार जुनी. १९५९-६० मध्ये कोबोल भाषा आली तेव्हाही तिची रचना मुद्दाम इंग्रजी वाक्यांसारखी ठेवली होती, कारण धंद्यातल्या माणसाला ती निदान वाचता तरी यावी. ग्रेस हॉपर या बाईंनी त्याआधी फ्लोमॅटिक नावाची तशीच भाषा केली होती, तिचा कोबोलवर मोठा प्रभाव. पुढे झालं काय, तर कोबोल लिहिणारे वेगळे तज्ज्ञ तयार झाले आणि हिशेबनीस होता तिथेच राहिला.

हिशेबनीसाच्या हातात खरं काही आलं ते १९७९ मध्ये. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डमध्ये बिझनेसचा अभ्यास करत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा चुकला की मास्तरांना पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. हा फळा आपणहून पुन्हा हिशेब करील तर? त्यातून त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं व्हिजिकॅल्क केलं. एक्सेलचं आजोळच म्हणा ते.

पण अण्णांचं घराणं एक्सेलचं नव्हे, डीबेसचं. त्याची जन्मकथा मला फार आवडते. वेन रॅटलिफ हा कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत कंत्राटी कंपनीकडून कामाला होता. तिथं म्हणे यानांचं काम चाले. पण याला डेटाबेस हवा होता तो ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेसाठी! संघांची आकडेवारी कागदावर सांभाळून कंटाळला, म्हणून घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरवर त्यानं 'व्हल्कन' लिहिलं. नाव स्टार ट्रेकमधल्या स्पॉकच्या ग्रहावरून. जॉर्ज टेटनं ते विकायला घेतलं आणि नाव दिलं डीबेस टू. डीबेस वन कधी नव्हतंच. कंपनीचं नाव ॲश्टन-टेट, आणि त्यात ॲश्टन नावाचा माणूसही नव्हता. मागाहून एक पोपट पाळला आणि त्याचं नाव ॲश्टन ठेवलं.

तर हे पैजेसाठी जन्मलेलं पोर दहा-बारा वर्षांत आमच्या तालुक्याच्या साखर कारखान्यात केन अकौंटच्या खोलीत येऊन बसलं.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. १९६५ पासून त्याच खात्यात क्लार्क. उसाचं बिल ही चीज बाहेरच्याला सोपी वाटते. वजन गुणिले दर, झालं. तसं नसतं. शेतातून चिटबॉयची चिठ्ठी येते, काट्यावर वजन होतं, ते पंधरवड्याला गोळा करायचं, मग त्यातून सोसायटीची वसुली, ठेवीची कपात, आणखी कुठकुठल्या कपाती. त्यातही एखाद्याचं कर्ज बापाच्या नावावर आणि ऊस मुलाच्या. हे सगळं पाच-सहा माणसं लांब रजिस्टरांत करत आणि बिल लांबलं की शेतकरी दारात.

१९८९ मध्ये कारखान्यात पहिला पीसी आला. एसीची खोली, चपला बाहेर काढायच्या, आत देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं यंत्र. पगारवाल्यांनी तो वापरला, बाकी कुणी जाईना. नोकऱ्या जातील ही भीती होतीच. अण्णांनी तालुक्याच्या गावी डीबेस थ्री प्लसचा तीन महिन्यांचा क्लास लावला. वय शेहेचाळीस. वर्गातली पोरं त्यांना 'काका' म्हणत, ते मास्तरला 'सर' म्हणत. मास्तर बावीस वर्षांचा.

काटेकोर माणूस म्हणेल की हे लो-कोड कसलं, आज्ञा टाइप कराव्या लागायच्या. बरोबर. पण त्या आज्ञा पाहा. पडद्यावर एक टिंब यायचं. त्याच्यापुढे 'यूज' म्हणून फाइलचं नाव दिलं की रजिस्टर उघडलं. 'लिस्ट फॉर' म्हणून गाव दिलं की त्या गावची यादी. हाताखालच्या क्लार्कला सांगावं तसंच. ज्याला तेही नको त्याच्यासाठी मेनू होता. पुढे फॉक्सप्रो आल्यावर तर पडदे आणि बिलाचा नमुना चौकटी मांडून करता यायचा. अण्णा एवढंच म्हणायचे, "रजिस्टर मला पाठ आहे. या यंत्राला ते सांगायचं फक्त."

दोन हंगामांत बिलं अण्णांच्या प्रोग्रॅमवर निघू लागली. सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत. नंतर पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड आलं. ते बसवलं की डॉसमधल्या प्रोग्रॅमलासुद्धा देवनागरी दिसे. शेतकऱ्याला आपलं नाव आपल्या लिपीत वाचता आलं त्या पंधरवड्यात अण्णा पेढे घेऊन आले होते. आम्हाला वाटलं बढती मिळाली. कसली बढती! पद क्लार्कचंच, निवृत्त होईपर्यंत.

आता जे सांगणार आहे ते मी तीसेक वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. डिसेंबर १९९२. नाताळच्या सुट्टीत मी अण्णांकडे कॉलनीत गेलो होतो. कॉलेजात होतो, कॉम्प्युटर बघायला मिळेल म्हणून रात्री त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. एका गावच्या सोसायटीची वसुली त्या पंधरवड्यापुरती थांबवायची होती. अण्णांनी टिंबापुढे आज्ञा दिली, रिप्लेस ऑल, कपात शून्य. पुढचं 'फॉर' आणि गावाचं नाव राहिलं. एंटर. पडद्यावर आकडा आला की इतक्या नोंदी बदलल्या, आणि तो आकडा सगळ्या गावांचा होता. डीबेस काय, फॉक्स काय, केलेलं मागे घ्यायची सोय नाही. नवी कपात त्याच दिवशी भरलेली, तिची फ्लॉपी अजून घेतलेली नव्हती.

अण्णा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग कपाटातून रजिस्टरं काढली. रात्री नऊ ते पहाटे पाच मी वाचत होतो, ते टाइप करत होते. हजार-बाराशे नोंदी. सकाळी बिलं वेळेवर गेली. बाहेर पडताना चपला घालता घालता म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

रजिस्टर होतं म्हणून निभावलं. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेनं करोनाचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत भरले. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. पुढचं सगळं गुपचूप गळलं. १५,८४१ रुग्ण आठवडाभर मोजणीतून बाहेर राहिले आणि त्यांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला. तिथं जाणकारांची वाण नव्हती. त्या फाइलीकडे कुणी बघत नव्हतं एवढंच. अण्णांच्या प्रोग्रॅमकडे तरी कोण बघत होतं?

अण्णा २००१ मध्ये निवृत्त झाले. दोन वर्षांनी कारखान्यानं बाहेरच्या कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते बऱ्याच बाबतींत चांगलं होतं, हे कबूल करायला हवं. पासवर्ड होते, कोणी कधी काय बदललं त्याची नोंद होती. अण्णांच्या फाइली कुणीही उघडून आकडे बदलू शकला असता. पण जुन्या फाइलीतला एक रकाना नव्या लोकांनी टाकून दिला. त्याचं नाव 'ओळख', इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, कारण डीबेसला तसंच चाले. निम्म्याहून जास्त रिकामा. भरलेल्या ठिकाणी 'विहीर', 'खालची आळी', 'पैलवान' असलं काहीबाही. त्या मुलांना तो कचरा वाटला तर दोष कसा द्यायचा?

एका गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन शेतकरी सहज असतात. चिठ्ठीवर नाव असतं, खातं पडद्यावरून निवडावं लागतं. अण्णांच्या पडद्यावर नावाशेजारी 'विहीर' दिसायचं आणि ऑपरेटरला कळायचं की हा विहिरीजवळचा. नव्या पडद्यावर दोन सारख्या ओळी. ऑपरेटर वरची निवडायचा. झालं, एकाची कर्जवसुली दुसऱ्याच्या बिलातून गेली. तो माणूस बिल घेऊन थेट अण्णांच्या घरी आला. अण्णा कारखान्यात गेले, बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसले, परत आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. रकाना पुढच्या हंगामात परत आला एवढं मला माहीत आहे.

फॉक्सप्रोही गेलं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं, २००७ मध्ये पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं, २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढला. नव्या साधनांचं काही वेगळं आहे असं समजू नका. गूगलनं ॲप मेकर नावाचं असंच एक साधन काढलं होतं, ते २०२१ च्या जानेवारीत बंद केलं. त्यावर केलेली ॲप्स जशीच्या तशी दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती, पुन्हा करा म्हणाले.

हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. शेवटी विचारलं, "तू उद्या नोकरी सोडलीस तर तुझं गेटपास कोण बघणार?"

"मामा, तू पण ना! आत्ता कुठे साहेब शाबास म्हणालेत." मग जरा थांबून, "अण्णाआजोबांचं काही राहिलंय का रे?"

अण्णा २०१६ मध्ये गेले. काकूंकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात फ्लॉप्या आहेत, त्या वाचायला आता यंत्र नाही. पण त्याच डब्याखाली एक लांब वही निघाली. प्रत्येक बदल तारखेनिशी, कशासाठी केला, कुणी सांगितलं, सगळं. काकू म्हणाल्या, अशीच दुसरी वही निवृत्त होताना ऑफिसात दिली होती. मी पानं उलटत डिसेंबर १९९२ ला आलो. लाल शाईत लिहिलं होतं, 'रिप्लेस ऑल. फॉर विसरलो. सर्व कपाती शून्य. रजिस्टरवरून रात्रीत पुन्हा भरल्या. चूक माझी. सोबत पुतण्या.'

मला सांगू नकोस म्हणालेले अण्णा स्वतः लिहून ठेवून, त्याची प्रत ऑफिसात देऊन गेले होते. ती तिथं कुणी उघडली असेल असं वाटत नाही.

पानाचा फोटो काढून भाचीला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, "मामा, 'फॉर विसरलो' म्हणजे काय रे? आमच्यात तसं काही होऊ शकतं का?"